बुरसलेला दाणा : शेत, गोठा आणि घर

निपाणी-चिकोडीच्या पेठेत तंबाखूचे नाव मोठे खरे. परंतु दूधगंगा-वेदगंगेच्या काठापासून दूर, माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते ज्वारी व भुईमूग यांवर. ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा बैलाला. भुईमुगाचे तेल माणसाला, पाला आणि पेंड गाई-म्हशीला. त्यांचे शेण पुन्हा जमिनीला. आता ऊस व सोयाबीन यांनी बरीच जमीन व्यापली असली, तरी पेंडीवाचून आजही कोणाचा गोठा चालत नाही. माणूस, जनावर व जमीन यांच्या आरोग्याचा विचार एकत्र करावा, असे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना आज आग्रहाने सांगत आहेत. या तिन्हींच्या मध्ये व्यापाऱ्याची वखार उभी आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अल्पावधीत मेले. शोध करता त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर संशय स्थिरावला आणि पेंडीतील बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्यावरून विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. हे विष यकृतावर आघात करते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताचा कर्करोग घडवते.

आपल्या देशात याची भयंकर प्रचीती १९७४ साली आली. राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका गोरगरिबांनी खाल्ला. सुमारे चारशे माणसांस कावीळ झाली व त्यांतील १०६ दगावली. त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली. पुढे १९९५ मध्ये आपल्याच दख्खनच्या पठारावर काही गावांत भिजून काळवंडलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन लोकांस पोटदुखी व जुलाब झाले. तेथे विष दुसऱ्या बुरशीचे, फ्युमोनिसिन नावाचे होते. बाधित घरांतले धान्य कोंबड्यांच्या पिल्लांना घालून पाहता त्यांनाही हगवण लागली. ते धान्य बंद केल्यावर माणसे बरी झाली.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. पेढीवर शेंगा फोडल्या, दाणे चाळले, की ठसठशीत दाणा वेगळा होतो आणि आक्रसलेला, किडका, तुटका, बुरसलेला दाणा बाजूला पडतो. चांगल्या दाण्याला चांगले गिऱ्हाईक मिळते. मग बाजूला काढलेला दाणा जातो कोठे? तो तेलाच्या गिरणीत जातो. तेलात विषाचा थोडा अंश उतरतो, बहुतांश पेंडीतच राहतो. ती पेंड गाय खाते आणि एक दिवसाच्या आत त्या विषाचे बदललेले रूप तिच्या दुधात उतरू लागते. प्रमाण अल्प, खाल्लेल्या विषाच्या शेकडा एक ते तीन इतकेच. पण ते दूध तापवून शुद्ध होत नाही आणि घरात सर्वांत अधिक दूध पिते ते लहान मूल. म्हणजे माणसासाठी आपण जितके काटेकोर निवडतो, तितके विष गोठ्याकडे लोटतो व तेथून ते फिरून पाळण्यापर्यंत येते! अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर आढळले. पाणी घातलेल्या दुधाची चर्चा आपण आयुष्यभर करतो, पेंडीची कोणी करीत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. विक्रीस अयोग्य झालेले धान्य वा पेंड पांजरपोळास धाडण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो; परंतु जे आपण स्वतःच्या घरी शिजवणार नाही, ते मुक्या, म्हाताऱ्या जनावरापुढे टाकणे यास भूतदया म्हणवत नाही. विषाने गाय एकाएकी मरत नाही. तिची भूक मंदावते, अंग उतरते, वासरे खुरटतात. आणि दोष वयाच्या माथी जातो.

या बुरशीचे मूळ ठिकाण जमीन आहे. शेंग भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली व जमीन तापली, की ती शेंगेत शिरते. हुमणी व वाळवीने टोचलेल्या शेंगेत तर दार उघडेच असते. म्हणून त्या वेळी शक्य तर एखादे पाणी द्यावे, फुलोऱ्यात जिप्सम घालावे, काढणी लांबवू नये. उपटलेले वेल शेंगा वर करून वाळवावेत. ओली शेंग पोत्यात भरली, की शेतकऱ्याचे सारे श्रम वाया गेले. दाण्यातील ओलावा शेकडा आठपर्यंत उतरला पाहिजे. ओल्या मालास वजन अधिक भरते, आणि कोरड्या मालास वेगळा भाव नसेल तर शेतकऱ्याने वाळवावे कशासाठी? हा प्रश्न त्याचा नसून आपला आहे. वखारीत थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावावी.

पशुखाद्यात या विषाची मान्य मर्यादा किलोस २० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा क्विंटलांत मोहरीच्या मोजक्या दाण्यांच्या वजनाइतकी. शेकडो निर्दोष दाण्यांत एखादाच दाणा अतिविषारी असतो, त्यामुळे पोते टोचून काढलेला मूठभर नमुना फसवतो. अनेक पोत्यांतून थोडे थोडे काढून, दळून, मिसळूनच तपासावे. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने अल्प खर्चात ही तपासणी करण्याची पद्धत सिद्ध केली आहे. एकेका पेढीला हा खर्च जड वाटेल. संघाने पेठेसाठी मिळून सोय केल्यास तो पोत्यामागे वाटला जाईल. तपासणीत नापास झालेला माल खतातही घालू नये, कारण तेथून बुरशी पुन्हा शेतात जाते. तो भट्टीत जाळावा, हाताळताना नाकातोंडास फडके बांधावे आणि त्याची किंमत घटीच्या खात्यावर लिहावी.