एका गोळीचं ऐकू नकोस

चि. ओंकार,

हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स आलं आणि सासऱ्यांनी त्यांची .३०८ रायफल तुझ्या हाती दिली, हे कळलं. इथे पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो आणि त्याआधी रेंजवर नुसती जत्रा असते. तू ऑक्टोबरातच जाऊन ये. आजीला मात्र कळवू नकोस. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, ती तिच्या लेखी साऱ्या जगात झाली.

स्कोपचा नेम जुळवायला, म्हणजे रायफल झिरो करायला, सुरुवात २५ यार्डांवरून कर. बोल्ट काढून घे, रायफल वाळूच्या पिशव्यांवर नीट बसव आणि मागून नळीतून बघ. कागदावरचा ठिपका नळीच्या गोलात मधोमध आला की रायफल न हलवता स्कोपची फुली त्यावर आण. एवढं केलं की गोळी निदान कागदाला तरी लागते. नाहीतर अर्धी पेटी मातीच्या बांधात जाते. पिशवी पुढच्या लाकडाखाली हवी, नळी कशालाही टेकता कामा नये. डोळा स्कोपपासून तीन-साडेतीन इंच लांब ठेव. दस्ता खांद्यावर आदळतो तेव्हा जवळ गेलेल्याच्या भुवईवर स्कोपची कडा चंद्रकोर उमटवते. असे एक-दोघे रेंजवर भेटतीलच.

मग १०० यार्ड. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे; गोळी जरा डावीकडे गेली की हात स्कोपच्या टरेटवर, त्या नेम फिरवायच्या चकतीवर जाणार. एकट्या गोळीवरून काहीच ठरत नाही. श्वास चुकला असेल, चाप झटकला गेला असेल. त्याच ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या झाड आणि तिन्हींचा मध्य काढ. तो दोन इंच डावीकडे नि एक इंच खाली असेल, तर आठ क्लिक उजवीकडे, चार वर. बहुतेक स्कोपमध्ये १०० यार्डांवर एका क्लिकला गोळी पाव इंच सरकते. (२५ यार्डांवर एका इंचाला सोळा क्लिक लागतात, हे विसरून माणसं स्कोपलाच शिव्या देतात.) पुन्हा तीन. मधे नळी निवू दे, कारण तापल्यावर गोळ्या पसरायला लागतात. जंगलात तुझी पहिली गोळी थंड नळीतूनच सुटणार. तेव्हा आणखी एक दिवस नुसती ती कुठे लागते ते पाहून ये.

काडतुसं शिकारीला नेणार तीच वापर. सरावाला स्वस्तातली घेण्याची काटकसर इथे अंगाशी येते; गोळीचं वजन किंवा कंपनी बदलली की जागा बदलते.

१५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर बसवलीस, तर २००च्या आसपास ती नेमावर येते आणि ३००ला आठ-नऊ इंच खाली उतरते. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंचांची. जखमी होऊन झाडीत पळालेलं हरीण शोधत फिरण्याइतकं वाईट काम नाही, तेव्हा ३००चा विचार सोड. उलट झिरो झाल्यावर बेंचवरून ऊठ, कागदी ताटली लाव आणि गुडघ्यावर बसून पाच गोळ्या झाड. जिथून पाचही ताटलीत बसतात, तेवढंच तुझं अंतर. ते ८० यार्ड निघालं तर ८०.

‘सीझ फायर’ ऐकू आलं की बोल्ट उघडा ठेवून बेंचपासून मागे हो. कानात प्लग घाल, वरून मफ लाव.

टार्गेटचे कागद तारीख आणि काडतुसाचं नाव लिहून ठेव, मी आलो की बघतो. केशरी जाकीट-टोपी अजून घेतली नसशील तर माझी घेऊन जा. अंगावर २५० चौरस इंच केशरी इथे लागतंच.

तुझा,
मामा