खुपरी : दृष्टी हिरावून घेणारा जंतुरोग

लहान मुलाचे डोळे किंचित लाल व्हावेत, पापण्यांच्या कडांना चिपडे साचावीत, आणि मूल मात्र नेहमीसारखे खेळत असावे, अशा वेळी घरातील माणसे त्याची फारशी काळजी करीत नाहीत. डोळे येण्याची कारणे अनेक असतात व त्यांतील बहुतेक प्रकार आपोआप बरे होतात. परंतु खुपरी या रोगाची सुरुवातही अशीच सौम्य असते. बालपणी सुरू झालेला हा रोग वारंवार जडत राहिला, तर ऐन तिशी-चाळिशीत मनुष्याला अंधत्व येऊ शकते.

रोगाचे कारण

इ. स. 1907 मध्ये हाल्बरस्टेटर व प्रोवाझेक या शास्त्रज्ञांनी जावा बेटावर खुपरीच्या रोग्यांच्या डोळ्यांतील स्राव ओरांगउटान जातीच्या वानरांच्या डोळ्यांत घातला. त्या वानरांच्या नेत्रपेशींत त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे विशिष्ट पुंजके आढळले. हे कण पेशीबाहेर वाढत नसल्यामुळे त्यांना दीर्घकाळ विषाणू समजण्यात येत असे. 1950 च्या दशकात चिनी शास्त्रज्ञ तांग फेइफान यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात हे कण वाढविण्यात यश मिळविले. त्यांपासूनच खुपरी होते हे सिद्ध करण्यासाठी तांग यांनी ते स्वतःच्या डोळ्यात घालून घेतले. त्यांना रोग झाला आणि त्यांच्या डोळ्यातून तेच कण पुन्हा मिळाले.

हे कण विषाणू नसून जंतू आहेत, हे नंतर निश्चित झाले. त्यांना पेशीभित्ती असते, ते दुभंगून वाढतात व प्रतिजैविक औषधांनी त्यांची वाढ थांबते. ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’ हे या जंतूचे शास्त्रीय नाव होय. याच जंतूचे काही प्रकार जननमार्गात वाढतात. मातेला असा संसर्ग असल्यास प्रसूतीच्या वेळी तो नवजात बालकाच्या डोळ्यांना व पुढे फुप्फुसांनाही होऊ शकतो. खुपरीचे प्रकार मात्र मुख्यतः डोळ्यांतच वाढतात.

अंधत्व कसे येते

जंतू पापणीच्या आतील पातळ अस्तरात शिरले म्हणजे शरीर त्यांचा प्रतिकार करू लागते. अस्तराला सूज येते व त्यावर बारीक, रवाळ उंचवटे उठतात. एका संसर्गाने सहसा कायमची हानी होत नाही. परंतु एकदा रोग होऊन गेल्यावर टिकाऊ संरक्षण मिळत नसल्यामुळे तो पुनःपुन्हा होतो आणि हळूहळू अस्तरावर व्रण उरतात. वर्षानुवर्षे साचलेले हे व्रण आकसून पापणीची कड आत ओढतात. मग पापणीचे केस बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर उघडझाप होताना घासू लागतात. पडद्याला जखमा होतात, तो पांढुरका होतो आणि प्रकाशाची वाट बंद होते. असे गेलेले डोळे बहुधा परत येत नाहीत.

प्रसार व निवारण

हा रोग विशेषतः लहान मुलांत पसरतो. चिपडांनी भरलेला चेहरा, अनेकांनी वापरलेला एकच पंचा, एकाच बोटाने सर्व मुलांना घातलेले काजळ आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या ही त्याची वाहने होत. मुलांचा सांभाळ बहुतांशी स्त्रियाच करीत असल्याने या रोगाने अंध होणाऱ्यांत त्यांचे प्रमाण अधिक आढळते.

ॲझिथ्रोमायसिन या औषधाची तोंडाने घेतलेली एक मात्रा संसर्ग नाहीसा करू शकते. परंतु धुण्यास पाणी नसेल व घराभोवती उघड्यावर मैला पडत असेल, तर मुलाला तोच संसर्ग पुन्हा गाठतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना चार उपाय एकत्र योजण्यास सांगते : आत वळलेल्या पापणीवर शस्त्रक्रिया, प्रतिजैविक औषध, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. यांपैकी शेवटचे दोन उपाय रोगाची पुनरावृत्ती रोखतात, आणि अंधत्वाचे मूळ तर पुनरावृत्तीतच आहे.

भारतातील अनुभव

भारतात 1963 मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1976 मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट करण्यात आला. गुजरात, राजस्थान, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व निकोबार बेटे येथे रोगाचा जोर विशेष होता. 2014 ते 2017 या काळात अधिक जोखमीच्या 27 जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत मुलांतील रोगाचे प्रमाण 0.7 टक्के आढळले. ऑक्टोबर 2024 मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या या दृष्टीने भारतातून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

याचा अर्थ जंतू समूळ नष्ट झाला, असा मात्र नव्हे. मुलांतील सक्रिय रोग 5 टक्क्यांच्या खाली असणे ही या मान्यतेची एक प्रमुख अट आहे. शिवाय पूर्वीच्या संसर्गाचे व्रण बाळगणारी प्रौढ माणसे आजही आहेत. पापणीचे केस डोळ्यात टोचत असल्यास ते घरी उपटत राहण्यापेक्षा वेळीच नेत्रतज्ज्ञाकडे जाणे हिताचे होय. मुलांच्या बाबतीत रोज स्वच्छ पाण्याने धुतलेला चेहरा व प्रत्येकाचा स्वतंत्र पंचा या साध्या सवयीच मिळविलेले यश टिकवून धरतील.