गुंठ्यांचा हिशेब आणि यंत्राची लेखणी

प्रश्न : मुलगा पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोग्रॅम यंत्रच लिहिणार असेल, तर त्याच्या नोकरीचे काय? – एक पालक, जिंतूर

उत्तर : आपली चिंता अनाठायी नाही, 2021 साली प्रोग्रॅम लिहून देणारे गिटहब कोपायलट आले तेव्हापासून नवशिक्यांच्या वाट्याचे साचेबंद काम यंत्राकडे सरकू लागले आहे, आणि उमेदवारीची ती पहिली पायरीच अरुंद होणे ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

तथापि स्थानिक रीती यंत्राला ठाऊक असतातच असे नाही. उदाहरणार्थ, आपल्याकडील जमिनीच्या जुन्या दस्तऐवजांत 1.20 अशी जी नोंद आढळते, तिचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या हिशेबाने दीड एकर. परंतु ज्यास ही रीत कोणी सांगितलेली नाही असे यंत्र ती दशांशात वाचून एक एकर आठ गुंठे असा हिशेब करणारा, निर्दोष भासेल असा प्रोग्रॅम क्षणार्धात लिहून देऊ शकते, आणि वारसांच्या वाटणीतून बारा गुंठे जमीन कागदोपत्री नाहीशी होते. ही चूक पकडणाऱ्याची गरज, माझ्या मते, वाढणारच आहे.

चिरंजीवांनी यंत्र अवश्य वापरावे, मात्र त्याने लिहिलेली ओळ न ओळ स्वतः तपासावी. आणि अशा स्थानिक रीती कळाव्यात म्हणून सुट्टीत जिंतूरला आल्यावर तलाठ्याचे दप्तर व बाजार समितीचा व्यवहार जवळून पाहावा.