शिक्का कोणाचा? अमानत सोपविण्यापूर्वीची शहानिशा

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आदेश दिला आहे की, एखादा फासिक, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा मनुष्य, काही वार्ता घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी कोणाची तरी हानी होईल आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येईल. आयतीतील मूळ शब्द आहे ‘फतबय्यनू’, म्हणजे स्पष्ट करून घ्या. किराअतच्या काही इमामांनी तो ‘फतसब्बतू’ असाही वाचला आहे, म्हणजे थांबा, स्थिर राहा. आधी थांबणे आणि मग पडताळणे, असा हा दुहेरी आदेश आहे.

हजच्या अर्जांचे दिवस होते. असरच्या नमाजनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “मौलाना, हजचा फॉर्म आला आहे. कुलूपही दिसते. भरू ना?” संदेशात लिहिले होते की जागा थोड्या उरल्या आहेत, आज रात्रीच अर्ज भरावा. संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘हज’ होते, ‘कमिटी’ही होते, शेवट मात्र ‘डॉट कॉम’ असा होता. आपल्या व पत्नीच्या पासपोर्टची छायाचित्रे त्यांनी तयार ठेवली होती. मी म्हणालो, “चाचा, थांबा.”

कुलूप काय सांगते?

पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल तर आपण भरलेली माहिती सांकेतिक रूपात जाते आणि वाटेत कोणी ती वाचू शकत नाही. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच. पलीकडे ती कोणाच्या हाती पडते, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र काही मिनिटांत विनामूल्य मिळते, म्हणून लबाडाच्या दारावरही ते असते. याच गैरसमजामुळे गूगलने क्रोममधून हे चिन्ह 2023 साली काढून टाकले. नमाजसाठी वुजू ही अट आहे, परंतु वुजू म्हणजे नमाज नव्हे. ‘एचटीटीपीएस’ नसेल तर माहिती भरूच नये. असेल तर पडताळणी तेथून सुरू होते.

नाव कसे वाचावे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोमच्या राज्यकर्त्यांना पत्र लिहिण्याचे ठरविले, तेव्हा शिक्का नसलेले पत्र ते स्वीकारीत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) चांदीची अंगठी करवून तीवर ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ असे कोरविले आणि तसाच मजकूर इतर कोणी आपल्या अंगठीवर कोरू नये, अशी मनाई केली. शिक्क्याची नक्कल झाली की अमानतीचा आधारच ढासळतो.

संकेतस्थळाचा शिक्का म्हणजे त्याचा पत्ता. पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचा भाग शेवटाकडून वाचावा. माणसाचे घराणे शेवटच्या आडनावावरून कळते, तसेच हे आहे. केंद्रीय हज समितीचा पत्ता ‘हजकमिटी डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. इंग्रजीत लिहिताना त्यातील ‘हज’मध्ये ‘जे’ एकच येतो. एक अक्षर अधिक-उणे झाले की दार बदलते. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट केवळ शासकीय संस्थांना मिळतो. परंतु त्याच्याही पुढे ‘डॉट अमुक डॉट कॉम’ जोडलेले असेल, तर ते घर ‘अमुक’चे, समितीचे नव्हे. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 2025 साली ‘बँक डॉट इन’ असा स्वतंत्र शेवट ठरवून दिला आहे.

अमानत कोणाची?

सूरह अन-निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हकदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश आहे. आईचा पासपोर्ट, वडिलांचा आधार क्रमांक, पत्नीचे बँक खाते यांची माहिती घरातील जो मुलगा किंवा मुलगी अर्जात भरते, ती त्या अमानतीची अमीन असते. अनोळखी दारात ती ठेवणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. त्याचा जाब द्यावा लागेल.

म्हणून संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः टंकित करावा. घाई करणाऱ्या संदेशाविषयी अधिक सावध असावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. शंका आल्यास हज हाऊसमध्ये विचारावे. चूक घडलीच तर लाजेपोटी लपवू नये. तत्काळ बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरातील मोठ्यांनीही अशा वेळी रागावू नये, कारण रागाच्या भीतीने लपविलेली चूक दुप्पट महाग पडते.

त्या दिवशी आम्ही मशिदीच्या ओसरीत बसून समितीचा पत्ता स्वतः टंकित केला. अर्जाची मुदत संपण्यास अद्याप अवकाश होता. चाचांनी दुसऱ्या दिवशी मुलाला सोबत बसवून निवांतपणे अर्ज भरला.

श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाह आपणा सर्वांना पहिल्या दंशापासूनही वाचवो आणि अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.