बाळाचे लाल लासे : वाट पाहावी की औषध द्यावे?

बारशाच्या सुमारास बाळाच्या गालावर किंवा कपाळावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो. डास चावला असेल म्हणून घरची मंडळी दुर्लक्ष करतात. महिना-दीड महिन्यात तोच ठिपका बोराएवढा, फुगीर व लालभडक होतो. मग डोहाळे अपुरे राहिले, ग्रहण पाळले नाही, असे म्हणून सुनेला बोल लावला जातो. कोणी धीर देते, ‘आमच्या थोरलीलाही होते, आपोआप गेले.’ हे पुष्कळदा खरे ठरते, पण प्रत्येक वेळी नाही.

हे लासे म्हणजे काय?

त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांची वाजवीपेक्षा जास्त वाढ होऊन ही गाठ तयार होते. डॉक्टर तिला ‘हिमॅन्जिओमा’ म्हणतात. ती स्ट्रॉबेरीसारखी दिसते म्हणून ‘स्ट्रॉबेरी मार्क’ असेही नाव आहे. हा कर्करोग नव्हे आणि आईच्या खाण्यापिण्याशी किंवा ग्रहणाशी त्याचा काहीही संबंध नाही. शंभरातील साधारण चार-पाच बाळांना ते होते. मुलींमध्ये, तसेच अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

पहिल्या तीन महिन्यांत ते झपाट्याने वाढते. बहुतेक वाढ पाचव्या महिन्यापर्यंत पुरी होते. वर्षानंतर रंग फिका पडू लागतो आणि पुढील काही वर्षांत ते ओसरते. मोठी गाठ ओसरली तरी मागे सैल कातडी किंवा व्रण राहू शकतो.

जन्मतःच असलेला, सपाट, जांभळट-लाल डाग मात्र निराळा. तो आपोआप जात नाही व पुढे सांगितलेले औषध त्याला लागू पडत नाही. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

औषध केव्हा लागते?

पाठीवर किंवा दंडावर लहानसे लासे असेल तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. परंतु पुढील परिस्थितीत थांबू नये :

• पापणीवर किंवा डोळ्याजवळ असल्यास. डोळा झाकला गेला तर त्याची दृष्टी कायमची मंदावू शकते.
• नाक, ओठ किंवा चेहऱ्यावर मोठे असल्यास.
• हनुवटी व गळ्यावर असून बाळाचा आवाज घोगरा झाल्यास किंवा श्वासाला घरघर लागल्यास. गाठ श्वासनलिकेतही असू शकते.
• लंगोटाच्या जागी किंवा ओठावर असून चिघळल्यास.
• अंगावर पाच किंवा अधिक लाशी असल्यास. अशा वेळी यकृताची सोनोग्राफी करावी लागते.

अशा बाळाला महिन्याचे होताच, शक्य तर त्याआधीच, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

योगायोगाने सापडलेला गुण

पूर्वी यासाठी स्टिरॉइडची औषधे देत. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी एक अनुभव प्रसिद्ध केला. नाकावर अशी गाठ असलेल्या बाळाला स्टिरॉइड चालू असताना हृदयाचा त्रास झाला, म्हणून त्यांनी ‘प्रोप्रॅनोलॉल’ हे औषध सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग बदलून जांभळट झाला व ती मऊ पडली. रक्तदाबासाठी मोठ्यांना कित्येक वर्षे दिले जाणारे हे औषध अशा रीतीने बाळांच्या उपयोगी आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने औषध घेतलेल्या शंभरातील साठ बाळांच्या गाठी पूर्णपणे किंवा जवळजवळ नाहीशा झाल्या. औषधाविना हे प्रमाण शंभरात चार एवढेच होते. लहान, पातळ लाशांवर कधी कधी ‘टिमोलॉल’ हे डोळ्यांत घालायचे थेंब त्वचेवर लावण्यास सांगतात.

घ्यावयाची काळजी

हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर बाळाचे हृदय, नाडी व वजन तपासतात. मात्रा वजनानुसार ठरते, थोडीथोडी वाढवतात आणि बहुधा किमान सहा महिने चालते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा तुकडा करून बाळाला देणे जिवावर बेतू शकते.

औषध नेहमी अंगावर पाजताना किंवा पाजल्यानंतर लगेच द्यावे. उपाशीपोटी दिल्यास रक्तातील साखर एकदम उतरू शकते. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत सूं-सूं आवाज येत असेल तर त्या वेळची मात्रा देऊ नये व डॉक्टरांना कळवावे. बाळाने औषध ओकून टाकले तर पुन्हा पाजू नये. हातपाय गार राहणे व झोप चाळवणे हे बऱ्याचदा दिसते. परंतु बाळ मलूल झाले, घाम फुटला, थरथरू लागले किंवा आचके आले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

लाशावर बिब्बा, चुना लावू नये, डागही देऊ नये. त्याने जखम होते आणि जन्माचा व्रण राहतो. रक्त आल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. न थांबल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

लासे दिसल्या दिवशी फोटो काढून ठेवावा, पुढे दर आठवड्याला एक काढावा. ते किती वेगाने वाढते आहे, हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते.