बोली जिंकली, पैसे आले नाहीत

पुणे

चि. मनूस,



तुझा परवाचा लांबलचक मेसेज नीट वाचला. एकाने तुझ्या लिलावात १८४० चा रुपया जिंकला आणि पैशांऐवजी नुसता स्क्रीनशॉट धाडला. दुसऱ्याने वस्तू हातात पडल्यावर ‘नाणं घासलेलं आहे’ म्हणून लिलावाच्या भर ग्रुपवर आरडाओरडा केला. त्या वैतागात तू लिहितेस की हे सगळं गुंडाळून टाकावंसं वाटतं. गुंडाळू नकोस. नाण्याची पारख तुला आहे आणि ती सहजासहजी कुणाला येत नाही. विकणं मात्र वेगळं काम आहे, ते शिकावं लागतं. फोनवर अर्धंच बोलणं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गिऱ्हाईक समोर उभं असतं. नाणं भिंगाखाली धरतं, घासाघीस करतं, रोख मोजतं आणि जातं. ऑनलाइन लिलावात त्याच्याकडे तुझे फोटो आणि तुझा शब्द, तुझ्याकडे त्याचा नंबर. याउपर काही नाही. दोघंही एकमेकांना भ्यालेले. आपण ज्यांना कटकटी म्हणतो त्यांतले बहुतेक असे भ्यालेलेच लोक असतात. दहा प्रश्न विचारतात, पुन्हा पुन्हा फोटो मागतात. त्यांना शांतपणे, सगळी उत्तरं दे. लबाड माणूस सहसा प्रश्न विचारत नाही, तो घाई करतो. एवढं ओळखता आलं तरी बराचसा मनस्ताप वाचेल.

आता त्या स्क्रीनशॉटचं. पैसे आले की नाही हे त्याच्या फोनवर नव्हे, तुझ्या खात्यात बघायचं. स्क्रीनशॉट बनवून मिळतो, बँकेच्या नावाचा एसएमएससुद्धा खोटा येतो. बँकेचं अ‍ॅप उघड, जमेची नोंद दिसली तरच पाकीट बंद कर. ‘सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळपर्यंत दिसतील, तुम्ही पार्सल टाकून द्या’ असं कुणी म्हटलं तर ‘संध्याकाळी दिसले की उद्या सकाळी टाकते’ एवढंच म्हणायचं. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही.

आणि हे पाठच कर: यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. लष्करात असल्याचं सांगून, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून ‘आमच्याकडे पेमेंट असंच होतं, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारे गेली कित्येक वर्षं लोकांना लुबाडताहेत. गणवेश पाहिला की आपला हात सैल पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

याहून अवघड प्रकार तुला अजून भेटलेला नाही, म्हणून आधीच सांगतो. बोली सहा हजारांची आणि खात्यात सोळा हजार येतात. मागोमाग फोन: चुकून एक आकडा जास्त पडला, वरचे दहा हजार माझ्या भावाच्या नंबरवर परत करा. आपण भिडस्त माणसं, लगेच परत करतो. पण ते सोळा हजार तिसऱ्याच कुणाच्या तरी फसवणुकीतले असू शकतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत तुझ्या बँकेपर्यंत येतात, ती रक्कम अडकते, कधी सगळं खातंच गोठतं. तुझा पगार त्याच खात्यात येतो ना? म्हणून लिलावासाठी वेगळं खातं उघड, या महिन्यातच. जिंकणाऱ्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव जुळतंय का ते दर वेळी बघ. जुळत नसेल तर वस्तू धाडू नको, आधी विचार. परत करायचे झाले तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेही तुझ्या बँकेला कळवून आणि तिच्यामार्फतच. आणि खरोखर फसवणूक झालीच तर रडत बसण्यात वेळ न घालवता १९३० वर फोन कर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदव. जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बोली जिंकून गप्प बसणाऱ्याचं तसं सोपं आहे. लिलाव लावतानाच लिहून टाक: पैसे ४८ तासांत. मुदत संपली की एक आठवण, सभ्य भाषेत. मग आणखी एक दिवस. मग लॉट मोकळा. त्याचा नंबर आणि चॅट ग्रुपवर टाकून त्याची शोभा करायची नाही. अ‍ॅडमिनला खासगीत कळव, नोंद ठेवणं त्याचं काम आहे.

मोकळा झालेला लॉट दुसऱ्या बोलीवाल्याला देताना मात्र जपून. समज, तिसरा माणूस ४,००० वर थांबला. पुढे दोघांची चुरस लागून भाव ६,५०० वर गेला. ६,५०० वाला पळाला, दुसऱ्याची शेवटची बोली ६,४००. बहुतेक विक्रेते त्याच्याकडे ६,४०० मागतात. माझ्या मते ते बरोबर नाही. पळालेला माणूस मध्ये नसताच तर याला ते नाणं ४,१०० ला मिळालं असतं. शिवाय ६,४०० मागितलेस की त्याच्या मनात पहिली शंका येणार ती हीच, की पळालेला माणूस तुझाच होता आणि भाव फुगवायला बसवला होता. तेव्हा ४,१०० ला दे, नाहीतर लॉट पुन्हा लिलावात लाव. आपला बंटी ‘ताई, मी दोन बोल्या टाकतो, भाव चढेल’ म्हणाला तर त्याला तिथेच थांबव. १९३० च्या माल विक्री कायद्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दलच आहे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की विक्री पुरी झाली. आणि विकणाऱ्याने भाव वाढवायला खोटी बोली लावली असेल तर घेणाऱ्याला तो व्यवहार मोडता येतो. ग्रुपवरच्या लिलावात हातोडा नसतो, म्हणून वेळ संपली की ‘लॉट बंद, अमुक बोलीला’ असा मेसेज तू स्वतः टाकत जा. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

घासलेल्या नाण्याची तक्रार करणाऱ्यावर तू फार चिडली आहेस. तू लिलावात टाकलेले फोटो मी पाहिले. दोन्ही समोरून, पांढऱ्या उजेडात काढलेले आहेत. चांदीवरच्या बारीक रेघा अशा उजेडात दिसतच नाहीत. दिवा एका बाजूला खाली ठेवून तिरप्या उजेडात आणखी एक फोटो काढ, राणीच्या गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेत रेघा असतील तर लख्ख दिसतील. त्यामुळे तो माणूस खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला ग्रुपवर नको, खासगीत असं लिही: ‘आपली तक्रार वाचली. नाणं परत पाठवा. वजन आणि खुणा माझ्या फोटोंशी जुळल्या की त्याच दिवशी पूर्ण रक्कम, टपालखर्चासह, तुमच्या त्याच खात्यात परत करते.’ एवढंच. स्पष्टीकरण नको, टोमणा तर नकोच.

वजन आणि खुणा मी उगाच लिहिलेल्या नाहीत. परत पाठवताना तसंच दिसणारं दुसरं, हलकं नाणं पाकिटात घालणारेही असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयाचं वजन मुळात ११.६६ ग्रॅम, झिजलेलं तुझ्या काट्यावर ११.५२ भरलं तर ११.५२ च लिही. १८४० चा असेल तर राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग आहेत की तुटक तेही लिही, दोन्ही प्रकार आहेत. एखादी ठोकर, कडेवरचा खळगा, मानेजवळचा डाग जवळून टिपून ठेव. पाकीट बंद करताना सलग व्हिडिओ काढ, आणि घेणाऱ्यानेही उघडताना काढावा अशी अट लिलावातच घाल. नाण्याबद्दल शंका असेल तर ती शंकाही लिही. १९३९ च्या रुपयाच्या नकला बाजारात आहेत हे जाणकाराला माहीत असतं, आणि तू ते आपणहून बोललीस की त्याचा तुझ्यावर विश्वास बसतो.

टपालाचं थोडक्यात: बऱ्याच खासगी कुरिअरच्या नियमांत नाणी-नोटा बसत नाहीत, हरवलं की हात वर करतात. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनेच पाठव आणि महाग वस्तूचा विमा उतरव. पावतीचा फोटो घेणाऱ्याला त्याच दिवशी.

शेवटचा मुद्दा परदेशातल्या गिऱ्हाइकाचा. दुबईहून कुणी शिवराई मागतोय आणि ‘पाकिटावर भेटवस्तू म्हणून लिहा’ म्हणतोय, असं तू ओझरतं लिहिलंस. त्याला आजच नाही कळव. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तुझा तो १८४० चा रुपयाही त्यातच आला. तो म्हणेल, सगळेच पाठवतात. पाठवू देत. माणूस कितीही गोड बोलला, भाव दुप्पट देतो म्हणाला, तरी शिवराई बाहेर जाणार नाही. ‘भारतात तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना विकते, पण ती देशाबाहेर नेता येणार नाही’ असं स्पष्ट लिही.

वजनकाट्याची बॅटरी बदल. मागच्या खेपेला मी तिकडे आलो तेव्हा तो शून्यावर येत नव्हता.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा