मोफत वकील: कुठले पैसे द्यायचे, कुठले नाहीत

कोर्टाच्या आवारात पाऊल टाकलं की ओळखीचा कुणीतरी भेटतो आणि विचारतो, ‘वकील कोण? किती घेतात?’ त्याच आवारातल्या एका खोलीत वकील मोफत मिळतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती खोली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. तालुक्याच्या कोर्टात हेच काम तालुका विधी सेवा समिती करते, उच्च न्यायालयाची समिती वेगळी. जायला जमत नसेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. नुसता सल्ला हवा असेल, केस करायची नसेल, तरीही विचारता येतं.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की ही सोय फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. त्याचं कलम १२ सांगतं की स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे पगारदार बाईसुद्धा पोटगीसाठी किंवा वडिलांच्या जमिनीतल्या हिश्शासाठी इथे अर्ज करू शकते. ‘आपण कुठे गरीब आहोत’ म्हणून संकोचायचं कारण नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये. तहसीलचा दाखला हाताशी नसला तरी अडत नाही, उत्पन्नाबद्दलचं तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढं मात्र पाहिलं जातं. निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते.

आता पैशांचं. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स-नोटिसांचं शुल्क, दाव्याचा मसुदा, टायपिंग, कागदांचं भाषांतर, निकालाची प्रमाणित प्रत हे सगळं प्राधिकरणाच्या खात्यावर. तुमच्या खिशातून जाणार एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि पहिल्या दिवशी न्यायच्या कागदांच्या झेरॉक्स. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. तरीही स्टॅम्प पेपर आणायला पिटाळणारे भेटतातच. माफी आहे, हे तिथे ठामपणे सांगा.

नेमून दिलेल्या वकिलाने ‘वरखर्चाला थोडे द्या’ म्हटलं तर एक रुपयाही देऊ नका. पक्षकाराकडून पैसे घ्यायची त्याला मनाई आहे. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात, तक्रार त्यांच्याकडे लेखी करा आणि पोच घ्या.

‘फुकटचा वकील काय जीव तोडून भांडणार?’ ही शंका अगदीच निराधार नाही. पॅनेलवर तळमळीने काम करणारे आहेत, तसे तारखेमागून तारीख घेणारेही. पण वकील बदलून मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रत्येक तारखेला काय झालं हे वहीत लिहून ठेवलंत तर बदलीच्या अर्जाला वजन येतं. फौजदारी खटल्यांत आरोपींसाठी अलीकडे बऱ्याच जिल्ह्यांत प्राधिकरणाचे पूर्णवेळ वकील नेमले आहेत. ते खासगी केसेस घेत नाहीत.

लोकअदालतीला फी नाही. कोर्टात चालू असलेला दावा तिथे मिटला तर आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण सही करण्यापूर्वी मजकूर दोनदा वाचा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. समोरच्याची रक्कम पटत नसेल तर नाही म्हणून उठून या, दावा होता तिथेच पुढे चालतो. वीज, पाणी, विमा, दवाखाना यांच्याशी वाद असेल तर कायम लोकअदालत बघा. तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकालही देऊ शकते.

काही कामांना वकील लागतच नाही. वस्तू किंवा सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी १९१५ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर तिथेही शुल्क शून्य, आणि बाजू स्वतः मांडता येते. मुलं सांभाळत नाहीत म्हणून आईवडिलांना निर्वाह भत्ता हवा असेल तर प्रांत कार्यालयात अर्ज द्यायचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

जाताना आधार कार्ड, वादाचे कागद आणि समोरून आलेली नोटीस न्या. नोटिशीवर किंवा निकालावर तारीख असेल तर ती आधी दाखवा. मोफत वकिलासाठी अर्ज दिला म्हणून मुदत थांबत नाही. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं असतात, दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला फक्त तीस दिवस.